अव्वाच्या लुगड्याची झोळी

१

सुकन्याची पोर झोपत नाही, हे विजापूर रोडवरच्या त्या अख्ख्या अपार्टमेंटला ठाऊक होतं. जिन्यात भेटणारी प्रत्येक बाई एकेक उपाय सांगायची. कुणी जायफळ उगाळायला सांगे, कुणी दृष्ट काढायला. सुकन्या सगळ्यांना मान डोलवायची आणि वर आल्यावर जायफळानं बाळाला काही होतं का, ते मोबाइलवर शोधायची. मोबाइल तिला दर वेळी घाबरवून सोडायचा. ती नववीला विज्ञान शिकवायची. शंका विचारा, शंका विचारा, म्हणून मुलांच्या मागं लागायची. आता त्या सगळ्या शंका घरी येऊन तिच्याच मानगुटीवर बसल्या होत्या.

एकट्या अव्वाकडं पोर झोपायची.

अव्वा म्हणजे गोजरबाई, सुकन्याच्या नवऱ्याची, शिवराजची आजी. मंगळवेढ्याकडची, मेंढरांमागं चालून चालून टाचांच्या भेगा काळ्या पडलेली. पोरीचं नाव पाळण्यात संस्कृती ठेवलं होतं, पण अव्वाच्या जिभेवर ते कधी बसलंच नाही. ती आपली देवीच्या नावानं मायाक्का म्हणायची. हॉलच्या छताला पंख्याशेजारी एक हुक होता, त्याला तिनं स्वतःच्या हिरव्या लुगड्याची झोळी बांधून घेतली होती. लई दिस जगलेल्या बाईच्या लुगड्यात लेकरू निजवलं की तिचं आयुष्य त्याला लागतं, असं त्यांच्यात मानत.

दुपारी ती भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसायची. झोळीच्या दोरीचा फास पायाच्या अंगठ्यात, मांडीवर सूप, सुपात शेंगा. हात शेंगा फोडायचे, पाय दोरी ओढायचा. हुक वाजायचा, कर्र. मग पुन्हा कर्र. स्वयंपाकघरात सुकन्या भाकरी झाकून थांबलेली असायची. बाळ झोपल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. थोड्या वेळानं ती तिथूनच विचारायची, "अव्वा, झोपली का हो?"

"व्हय, निजली. तू जेव."

मग ती ताट वाढून घ्यायची. रोजचं हे असं होतं.

अव्वा वारली ती उन्हाळा तापायला लागता लागता. त्यानंतरच्या एका दुपारी सुकन्यानं पोरीला झोळीत घातलं, चार झोके दिले आणि आत आली. सवयीनं विचारलं, "अव्वा, झोपली का हो?" मग भाकरीवर शेंगाचटणी घेतली, दही घातलं आणि जेवायला बसली. घास तोंडाशी नेताना तिचा हात थांबला.

आपण जेवायला बसलो. म्हणजे उत्तर आलं होतं.

उत्तर ऐकल्याचं तिला आठवत नव्हतं. पण उत्तर आल्याशिवाय ती कधी बसली नव्हती.

हॉलमध्ये हुक वाजत होता. कर्र. मग पुन्हा कर्र.

२

ती बाहेर येऊन बघते, तर झोळी संथ झुलत होती आणि आत पोर मूठ गालाखाली घेऊन झोपली होती. दोरी फरशीवर लोळत होती. भिंतीवर, अव्वा डोकं टेकायची तिथं, तेलाचा जुना डाग होता. बाकी काही नव्हतं.

लंबकाचं आंदोलन हळूहळू मंदावतं, हे तिनं कितीदा फळ्यावर काढून दाखवलं होतं. हवेचा रोध, टांगणीच्या जागचं घर्षण. एकदा झोका दिला की तो लहान लहान होत थांबतो. ती उभी राहून बघत राहिली. झोका लहान होत नव्हता. मग तिनं पंखा बंद केला, आणि झोळी थांबली. बघ, पंख्याचा वारा, ती स्वतःला म्हणाली. ताटावर परत येईपर्यंत तिच्या लक्षात आलं, की पंखा तर कायमच चालू असतो.

जेवण गार झालं होतं. तिनं ते तसंच संपवलं. अन्न टाकलेलं अव्वाला आवडायचं नाही.

अव्वाला खरं तर पुष्कळ गोष्टी आवडायच्या नाहीत, पण ती रागावायची नाही. नुसती सांगायची, आणि सांगता सांगता तिचं सगळं आयुष्य बाहेर यायचं. एकदा सुकन्यानं टाके दुखतात म्हणून कुरकुर केली, तर अव्वानं तिचे पाय मांडीवर घेतले, करडईचं तेल लावलं आणि चंद्रव्वाच्या, म्हणजे स्वतःच्या लेकीच्या जन्माची गोष्ट काढली. कळप वाटेला लागलेला. सकाळी पोट दुखायला लागलं. ती बाभळीच्या आडोशाला बसली, सोबतीला एक म्हातारी आणि एक कुत्रं. ऊन कलेपर्यंत पोर लुगड्याच्या धडप्यात बांधून ती पुन्हा मेंढरांमागं चालायला लागली होती.

"लगेच चाललात?" सुकन्याचे डोळे मोठे झाले होते.

"मग काय करतीस? कळप थांबत न्हाय बाई."

यात फुशारकी नव्हती, रडगाणंही नव्हतं. तिनं पोरं वाढवली, त्यातली काही मातीत ठेवली. पुढं मेंढरं विकून मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी केली. ऐन उतारवयात सून गेली आणि अंगावर पिणारा शिवराज तिच्या ओटीत आला. त्याला शेळीच्या दुधावर वाढवलं, शिकवलं. चिंचोळी एमआयडीसीत त्याला नोकरी लागली तशी घोंगडी काखेला मारून त्याच्यामागं शहरात आली. लिफ्टला ती शेवटपर्यंत पेटी म्हणाली, आणि पेटीत ती कधी चढली नाही.

३

पोरीच्या जन्मानंतर सुकन्याला ताप भरला होता. टाके चिघळले, औषधं भारी होती, आणि तिला बाळापासून बाजूला ठेवलं होतं. ते दिवस तिला नीट आठवत नाहीत. आठवतो तो दाराच्या फटीतून दिसणारा हॉल. अव्वा पाटावर बसलेली, पसरलेल्या पायांवर पोर पालथी, वरून कोमट पाण्याची धार, मग ओव्याची धुरी. पोर रडत नसायची. बरी होऊन सुकन्यानं तिला पहिल्यांदा मनासारखं जवळ घेतलं, तेव्हा मात्र ती ताठ झाली, सुकन्याच्या मानेशी नाक नेऊन हुंगली आणि किंचाळायला लागली.

सुकन्या हसली होती. मग बाथरूममध्ये जाऊन रडली होती. आपली पोर आपल्याला आपली म्हणून ओळखत नाही, ही गोष्ट ती कुणाला सांगणार? शिवराजनं 'होतंय गं' म्हटलं असतं. मोबाइलनं शंभर रोग सांगितले असते.

अव्वाला सांगावं लागलं नाही. त्याच दुपारी शेंगा फोडता फोडता तिनं मेंढीची गोष्ट सांगितली. मेंढीचं कोकरू मेलं की ती दुसऱ्याला अंगाशी येऊ देत नाही, लाथा मारते. आणि कळपात एखादं आईविना कोकरू उपाशी मरत असतं. मग धनगर काय करतो, तर मेलेल्या कोकराचं कातडं सोलतो आणि त्या पोरक्याच्या अंगावर बांधतो. मेंढी वास घेते आणि पाजते.

"मेंढरू काय अन् मानूस काय, वासावर असतंय समदं," अव्वा म्हणाली. "शिवा माज्या हाताला यीना, तवा मी त्याच्या आयचं लुगडं नेसले की. गप पडला मांडीत. मग येळंवर भीमंत सोडून आले."

"वेळेवर का?"

"कातडं येळंवर काडायचं असतं बाई. अंगावर ऱ्हायलं की मग तेच खरं हुतंय."

"आणि आतलं कोकरू?"

अव्वानं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला केलं. "ते मेल्याल्याच्याच नावानं मोटं हुतंय," ती म्हणाली. मग झोळीकडं बघून हलकेच हुर्र, हुर्र केलं, मेंढरं वळवतात तसं.

सुकन्याला ते फार गमतीचं वाटलं होतं. शाळेत प्राण्यांचं वर्तन शिकवताना हे उदाहरण द्यायचं, असं तिनं ठरवूनही टाकलं होतं.

४

अव्वाचे दिवस घालायला चंद्रव्वा आत्या वळसंगहून आल्या होत्या. आईसारख्याच काटक, बोलायला मात्र तिखट. त्यांनी अव्वाची लुगडी, चोळ्या, घोंगडी, सगळं एका गाठोड्यात बांधलं. भीमेला नेऊन सोडायचं होतं.

"तिच्या अंगाचं काय बी घरात ठिवू नको," त्या म्हणाल्या. "माया लई वाईट असती. जानाऱ्याचा पाय निगत न्हाय." मग त्यांची नजर झोळीकडं गेली. झोळीत पोर गाढ झोपली होती. आत्यांनी गाठोडं खाली ठेवलं.

"निजल्यालं लेकरू उटवू नये," त्यांचा आवाज खाली आला. "उटली की काड. पुन्यांदा यीन तवा घिऊन जाईन."

सुकन्यानं हो म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. पण पोर उठली की तिला भूक लागलेली असे, मग लंगोट, मग रडणं, मग लगेच पुन्हा झोपवायची वेळ. झोळी भरलेली असताना ती काढायची कशी, आणि रिकामी झाल्यावर पुढच्या झोपेचं काय? शिवाय त्या लुगड्याला अजून वास होता. करडईच्या तेलाचा, ओव्याच्या धुराचा आणि थोडा मशेरीचा. पोर त्यात नाक खुपसून झोपायची. कधीकधी सुकन्याही खुपसायची.

५

त्यानंतर हुक रोज दुपारी वाजायचा. तिनं दोरी खिडकीच्या गजाला बांधून ठेवली. भांडी घासून आली, तर दोरी खाली होती आणि टोकाला अंगठ्याएवढा फास होता. आपणच सोडली असेल, तिनं ठरवलं. महिनोन्महिने झोप न झालेल्या बाईची साक्ष कुठल्या कोर्टात धरत नसतील, आणि धरूही नये.

पण खरं सांगायचं तर तिला भीती अशी वाटत नव्हती. उलट बरंच वाटत होतं. कपडे वाळत घालून होत. कधी पाठ टेकली तर डोळाही लागे. आणि ताट वाढण्याआधी ती विचारायची, "अव्वा, झोपली का हो?" उत्तर कानाला कळायचं नाही. भूक लागायची, एवढंच. मग ती जेवायची. अव्वाच्या काळात घर जसं होतं, तसंच पुन्हा झालं होतं, आणि त्यात वाईट काय, हे तिला शोधूनही सापडत नव्हतं.

सापडलं ते पोरीच्या डोळ्यांत. पोर आता रांगायला लागली होती. सुकन्यानं उचललं की ती मानेशी हुंगायची आणि ताठ व्हायची. खाली सोडली की सरळ भिंतीकडं निघायची, तेलाच्या डागाखाली जाऊन बसायची आणि वर बघून हसायची. उचलून घ्या म्हणून हात वर करायची. त्या रिकाम्या जागेसमोर ते इवलेसे हात बराच वेळ तसेच असायचे. एकदा ते हात खाली आले नाहीत, आणि पोर गुडघ्यांवर उठली. मग उभी राहिली. कशाला धरून, ते सुकन्याला दिसलं नाही. ती धावली तशी पोर मटकन बसली आणि सुकन्याला बघून रडायला लागली.

पोरं या वयात उभी राहतातच, तिनं मोबाइलवर वाचलं. आधारानं उभी राहतात, असं लिहिलं होतं.

जून तोंडावर आला होता. शाळा सुरू झाली की दिवसभर पोरीला शेजारी ठेवायचं ठरलं होतं. त्याआधी एकदा तरी तिनं आपल्याकडं हात करावेत, सुकन्याचं एवढंच मागणं होतं. त्या दिवशी आत्यांचा फोन आला आणि त्यांनी सरळ विचारलं, झोळी काढलीस का.

"आज काढते आत्या."

 मग आत्या म्हणाल्या, "अजून हाय व्हय गं ती?"

६

तिनं झोळी सोडली. लुगड्याची घडी घालून कपाटावर ठेवली आणि हुकाला स्वतःची साडी बांधली, मऊ सुती, तिच्या आईनं घेतलेली. पोरीला आत घातलं. पोरीनं एकदा हुंगलं.

ते रडणं जिन्यातल्या बायकांनी ऐकलं, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू गेलं असेल. अंगावर घेतलं तर तोंड फिरवे, बाटली लावली तर थुंके. दिवस कलायला आला तरी पोटात थेंब गेला नव्हता. ओठ सुकले, आवाज बसला, आणि मग ती नुसतीच तोंड उघडून हुंदके द्यायला लागली. शिवराज दुसऱ्या पाळीला गेला होता. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, थोडं थोडं पाजत राहा, नाही घेतलं तर घेऊन या.

सुकन्या रिक्षा बोलवायला उठली. उठताना कपाटावरची हिरवी घडी दिसली.

विचार असा तिनं केलाच नाही. अंगातल्या निळ्या फुलांच्या गाउनवरूनच तिनं ते लुगडं गुंडाळलं. नऊवार तिला नेसता यायचं नाही, लग्नातसुद्धा दुसऱ्यांनी नेसवलं होतं. आज काष्टा आपसूक बसला. डोक्यावरून पदर घेऊन ती भिंतीशी बसली, पाय पसरले.

पोर गप्प झाली. फरशीवरून रांगत आली, पायांवर चढली, पदरात नाक घातलं. आणि तिनं हात वर केले.

सुकन्यानं तिला घेतलं आणि अंगाशी लावलं. पोर प्यायली. पोटभर, डोळे मिटून, एका मुठीत पदर घट्ट धरून. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आपलं दूध कुणाला तरी हवं आहे, असं सुकन्याला वाटलं, आणि ती रडली. पोरीनं मात्र वर तोंडाकडं एकदाही पाहिलं नाही.

शिवराज घरी आला आणि दारातच थबकला. एक बूट काढलेला, एक तसाच. मग त्याचे डोळे भरून आले आणि तो हसला.

"सेम अव्वा दिसायलीस गं," तो म्हणाला. "असंच बसायची. नेस की रोज."

७

फक्त पाजण्यापुरतं, तिनं ठरवलं. मग पाजून पुन्हा बदलायचा कंटाळा यायला लागला. शेजारच्या बाईंनी दारात बघून कौतुक केलं, हल्लीच्या मुली कुठं नेसतात म्हणाल्या. आता आत्या दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं येणार होत्या, आणि सुकन्यानं मनाशी पक्कं केलं होतं, की उद्या हे त्यांच्या हातात द्यायचं. पोर आता आपल्याला ओळखते. काम झालं. वेळेवर सोडायचं.

त्या दुपारी ऊन पडद्यातून गाळून येत होतं. पोर झोळीत होती. सुकन्या भिंतीला पाठ लावून बसली होती, मांडीवर सूप होतं. अंगठ्यातला फास तिनं कधी अडकवला, ते तिच्या ध्यानात नव्हतं, पण पाय आपला चालला होता. शेंगा फोडण्यात एक गोडी असते. हात एकदा लागले की मन मोकळं होतं.

तिला बाभळीचा आडोसा आठवत होता. पिवळी फुलं, खाली मऊ माती, एका कुत्र्याची धाप. मेंढरांच्या पायांची धूळ उन्हात उभी राहिलेली, आणि कळप पुढं गेल्यावर लांबून येणारा घंटीचा आवाज. अंग दुखत होतं, पण पोटाशी बांधलेलं गाठोडं उबदार होतं, आणि चालायचं होतं. किती चांगले दिवस होते. मंगळवेढ्याला आपण लग्नानंतर एकदाच, तेही मोटारीनं गेलो होतो, असं काहीतरी तिच्या मनाच्या कडेला येऊन उभं राहिलं. पण ते कुणाचं, हे नीट लागेना. तिनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला केलं.

कर्र. मग पुन्हा कर्र.

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला. कुणीतरी तव्यावरून भाकरी काढली, टोपलीत ठेवली, वर झाकण घातलं. मग आतल्या पावलांचा आवाज थांबला. कुणीतरी कान देऊन उभं होतं.

सुकन्याचा पाय थांबला. घरात दुसरं कुणी नव्हतं. शिवराज कामावर होता, दाराला आतून कडी होती. उठून बघावं, असं तिला वाटलं. पण उठलं की सूप वाजलं असतं, पोर जागी झाली असती. तिनं मान तेवढी वळवली. स्वयंपाकघराच्या चौकटीत एक गाउन अर्धा दिसत होता, निळ्या फुलांचा, खांद्याशी दुधाचा डाग पडलेला.

"अव्वा," आतून आवाज आला, "झोपली का हो?"

आवाज ओळखीचा होता. शाळेसाठी मोबाइलवर रेकॉर्ड केलेले आपलेच धडे ऐकताना जसा परका वाटायचा, अगदी तसा. किती दमलेला होता. पोरगी सकाळपासून जेवलेली नसणार, नुसती काळजी करत उभी असणार, असं मनात आलं आणि तिचा जीव तुटला.

झोळीतून एक इवलासा हात बाहेर आला. हवेत चाचपडत त्यानं हिरव्या पदराचं टोक शोधलं, घट्ट धरलं आणि तसाच राहिला.

तिनं अंगठ्यानं दोरी ओढली.

"व्हय, निजली," ती हळूच म्हणाली, लेकरू उठू नये म्हणून. "तू जेव."

आत ताट वाढून घेतल्याचा आवाज आला.